लोकल बंद, ऑफिस सुरू

२२ मार्च २०२० चा रविवार जनता कर्फ्यूचा होता. त्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या लोकल प्रवाशांसाठी बंद झाल्या. भायखळा हे १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीच्या वाटेवरचं स्टेशन. तेव्हापासून पूर, बॉम्बस्फोट, संप यांनी गाड्या अनेकदा खोळंबल्या होत्या, पण सगळ्याच मार्गांवर आठवडेच्या आठवडे शुकशुकाट हा अनुभव नवा होता. रोज ७५ लाखांच्या आसपास प्रवासी वाहणारी व्यवस्था थांबली. दोन दिवसांनी देशभर टाळेबंदी जाहीर झाली. अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी मोजक्या गाड्या सुरू व्हायला १५ जून उजाडला.

मुंबईत काम एका जागी असतं आणि माणसं त्याच्याकडे जातात. गिरणीचा भोंगा असो की नरिमन पॉइंटचं ऑफिस, दीडशे वर्षं ही रीत बदलली नव्हती. लोकल हा त्या रीतीचा कणा. तो मोडल्यावर बँका, विमा कंपन्या, शेअर दलाल, सॉफ्टवेअर कंपन्या, सीएंच्या पेढ्या यांच्यापुढे प्रश्न एकच होता. टेबलावरचा कॉम्प्युटर ऑफिसात आहे, त्याच्यासमोर बसणारा माणूस भायखळ्याच्या, लालबागच्या, डोंबिवलीच्या घरात अडकला आहे. दोघांची गाठ कशी घालायची, आणि मधे तिसरा कोणी घुसणार नाही याची खात्री कोणी द्यायची?

साथीने कामकाज ठप्प होण्याची भायखळ्याला जुनी आठवण आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले आणि पुढच्या काही महिन्यांत शहराची जवळपास निम्मी वस्ती गावाकडे निघून गेली. गिरण्यांना हात मिळेनात. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्याच तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना दिली. माणूस गावी गेला की त्याचं कामही थांबे, कारण साचा त्याच्यासोबत गावी जाऊ शकत नव्हता.

प्लेगनंतर, १८९८ साली, शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने बांधलेल्या बीआयटी चाळी आग्रीपाडा, माझगाव, भायखळा या पट्ट्यात आजही उभ्या आहेत. १२० वर्षांनी आलेल्या दुसऱ्या साथीत अशाच चाळींतल्या खोल्यांमध्ये लॅपटॉप उघडले गेले. रिचर्डसन अँड क्रुडासच्या भायखळ्यातल्या जुन्या कारखान्याच्या आवारात कोविड केंद्र उभं राहिलं, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर लोक घरातूनच ऑफिसच्या मशीनवर काम करू लागले. हे शक्य करणारं तंत्र मात्र २०२० मध्ये जन्मलेलं नव्हतं. तेव्हा त्याचं वय तीस-पस्तीस वर्षांचं होतं.

दूरच्या कॉम्प्युटरचा पडदा इथे पाहायचा, यात प्रत्यक्षात काय घडतं? घरच्या कळफलकावर दाबलेली कळ आणि माउसची हालचाल तारेवरून ऑफिसच्या मशीनकडे जाते. तिथे प्रोग्राम चालतो, फाइल उघडते, हिशेब होतो. परत येतं ते फक्त पडद्याचं चित्र, तेही दरवेळी सगळं नाही. जेवढा भाग बदलला तेवढाच, दाबून लहान केलेला. माहिती ऑफिसातून हलत नाही. म्हणूनच बँकांना ही पद्धत पसंत पडते. खातेदारांची यादी कर्मचाऱ्याच्या घरच्या डिस्कवर उतरत नाही, तो ती फक्त पाहतो.

चित्र तारेवरून नेणं ही सुरुवातीला चैनच होती. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९८४ साली ‘प्रोजेक्ट अथीना’साठी बॉब शायफलर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो सिस्टीम उभी केली. प्रोग्राम एका यंत्रावर चालावा आणि त्याच्या खिडक्या दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर उमटाव्यात, अशी तिची रचना. १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली आणि तिचा पाया युनिक्सच्या जगात आजतागायत टिकला. विद्यापीठाच्या आवारात सगळे एकमेकांना ओळखत, त्यामुळे सुरक्षेची व्यवस्था विश्वासाची होती. कोणत्या यंत्राला आपल्या पडद्यावर येऊ द्यायचं, याची एक यादी. घाईत ती यादी सगळ्यांना खुली करणारी आज्ञा दिली, की नेटवर्कवरचा कोणीही तुमच्या खिडक्या पाहू शके आणि तुम्ही दाबलेल्या कळाही वाचू शके.

याच काळात मुंबईत नेटवर्कचा पाया घातला जात होता. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने ‘अर्नेट’ सुरू केलं. जुहूचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, आणि पवईची आयआयटी या संस्था त्यात होत्या. एनसीएसटीचे संचालक डॉ. श्रीनिवासन रमाणी यांच्या पुढाकाराने या दोन संस्थांत फोनच्या तारेवरून ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली, पुढे परदेशाशी जोडणी झाली. पण हे सगळं संशोधकांपुरतं होतं, आणि जवळजवळ सगळं अक्षरांतलं.

सामान्य मुंबईकराला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासमध्ये डायल-अप सेवा खुली केली. वैयक्तिक खात्याला २५० तासांचे ५,००० रुपये, वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. या स्वस्त ‘शेल’ खात्यात फक्त अक्षरं दिसत. काळ्या पडद्यावर मेल वाचायचा, काळ्या पडद्यावरच वेबपान उघडायचं. चित्रं दाखवणारं खातं जवळपास तिप्पट महाग होतं. तेवढे पैसे भरले तरी ६४० बाय ४८० ठिपक्यांचा, २५६ रंगांचा एक पडदा न दाबता पाठवायचा तर त्या वेगाने चार मिनिटांहून जास्त वेळ लागला असता. दूरचं मशीन चित्रासकट चालवणं म्हणजे एक कळ दाबून बाहेर चहा पिऊन येणं.

त्याच वर्षी, मुंबईतल्या या सेवेच्या उद्घाटनाच्या महिनाभर आधी, फिनलंडमध्ये एक गोष्ट घडली. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड टिपणारा प्रोग्राम बसवल्याचं उघड झालं होतं. टेलनेट ही त्या वेळची दूरच्या यंत्रात शिरण्याची रुळलेली पद्धत, आणि तिच्यात पासवर्डसकट सगळा मजकूर पोस्टकार्डासारखा उघडा जाई. तातू उल्योनेन या संशोधकाने त्याऐवजी सगळी वाहतूक कूटबद्ध करणारा प्रोग्राम लिहिला आणि जुलै १९९५ मध्ये तो सर्वांना मोफत दिला. त्याचं नाव एसएसएच. फाइल पाठवणाऱ्या एफटीपीला २१ आणि टेलनेटला २३ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे यंत्रात शिरण्याचं ठरलेलं दार, होतं. मधलं २२ रिकामं होतं, ते त्याने मागून घेतलं. वर्ष संपेपर्यंत सुमारे ५० देशांत वीसेक हजार लोक एसएसएच वापरत होते.

एसएसएच केवळ आज्ञा लपवून नेत नव्हतं. त्याच्या आतून दुसरी कोणतीही जोडणी नेता येई, एक्सच्या खिडक्यासुद्धा. बाहेरच्याला दिसे ती फक्त एक कूट धारा. आणखी महत्त्वाचं म्हणजे, आपण ज्या मशीनला जोडतो आहोत ते खरोखर तेच आहे का, हेही ते तपासे. पहिल्या भेटीत ओळखलेली त्या मशीनची किल्ली बदलली, तर पडद्यावर ठळक इशारा येई. सुरक्षित दूरस्थ कामाचे तीन आधार अशा रीतीने १९९५ मध्येच जुळले होते. मजकूर कूटबद्ध करणं, समोरचं मशीन ओळखणं, वापरणाऱ्याची ओळख पटवणं.

अडचण ही की लोकांच्या हाती आलेली सोपी साधनं हे आधार घेऊन आली नाहीत. केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेने १९९८ मध्ये व्हीएनसी मोफत खुलं केलं. विंडोज असो की युनिक्स, कोणत्याही यंत्राचा पडदा कोणत्याही दुसऱ्या यंत्रावर उघडे. ऑफिसांतल्या आयटीवाल्यांसाठी हे वरदान होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांचं मशीन तळमजल्यावरून दुरुस्त होऊ लागलं, आणि ‘थांबा, मी रिमोट घेतो’ हे वाक्य रुळलं. पण त्यातला पासवर्ड जास्तीत जास्त आठ अक्षरांचा, आणि पडद्याचं चित्र उघडं जाई. ते एसएसएचच्या आतून न्या, असा सल्ला जाणकार देत. किती जण तो पाळत, हा भाग वेगळा.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली. एका मशीनवर अनेकांनी आपापला पडदा चालवायचं तिचं तंत्र सिट्रिक्स या कंपनीकडून परवान्याने घेतलेलं होतं. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि ‘रिमोट डेस्कटॉप’ साध्या टेबलावरच्या मशीनमध्ये पोहोचलं. त्याचं पोर्ट ३३८९. मसजिद बंदरच्या व्यापाऱ्याला घरून हिशेब बघायचा असेल, तर त्याचा कॉम्प्युटरवाला राउटरवर हे पोर्ट बाहेरच्या जगाला उघडून देई आणि काम झालं म्हणून निघून जाई. त्या क्षणापासून जगातला कोणीही त्या मशीनचं दार ठोठावू शके, आणि पासवर्ड ‘admin१२३’ च्या वळणाचा असेल तर आत येऊ शके.

भारतातल्या नियमांनीही काही काळ उलटसुलट संदेश दिले. १९९८ मध्ये इंटरनेट सेवा खासगी कंपन्यांना खुली झाली तेव्हा परवान्यात अट होती की ४० बिटांहून लांब किल्लीचं कूटलेखन वापरायचं तर सरकारची परवानगी घ्यावी. इतकी आखूड किल्ली त्या काळातही थोड्या वेळात फोडता येई. आणि २००१ मध्ये फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेने इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिटांच्या सुरक्षेची अपेक्षा केली. एकाच शहरातली बँक एका नियमाने बांधलेली आणि तिला इंटरनेट देणारा दुसऱ्या. दूरस्थ कामाची सुरक्षा हा तंत्राचा प्रश्न राहिला नव्हता, धोरण मागे पडलं होतं.

१४ मे २०१९ रोजी या निष्काळजीपणाची जाणीव जगाला एकदम झाली. मायक्रोसॉफ्टने रिमोट डेस्कटॉपमधली एक गंभीर त्रुटी जाहीर केली, तिला ‘ब्लूकीप’ हे नाव पडलं. पासवर्ड न देताच आत शिरता येईल आणि एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरता येईल, अशी ती होती. कंपनीने आधार देणं केव्हाच थांबवलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा तिने दुरुस्ती काढली, इतकी धास्ती होती. महिनाभरात अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनेही लोकांना दुरुस्ती लावायचं जाहीर आवाहन केलं. टाळेबंदी तेव्हा दहा महिन्यांवर होती.

मार्च २०२० मध्ये पहिली हालचाल कागदावर झाली. कॉल सेंटर आणि बीपीओ यांना दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागे. कर्मचाऱ्याने घरून काम करायचं तर मोठी अनामत रक्कम, करार आणि परवानाधारक कंपनीकडूनच घेतलेली खास खासगी जोडणी लागे. १३ मार्चला विभागाने ३० एप्रिलपर्यंत या अटी शिथिल केल्या. कंपन्यांना स्वतः उभारलेलं सुरक्षित व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारी कूटबद्ध खासगी वाट, वापरायची मुभा मिळाली. ही सवलत पुन्हा पुन्हा वाढली, आणि ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी नोंदणी आणि अनामत दोन्ही गेल्या. वीस वर्षांच्या जाचक नियमांचा निकाल आठ महिन्यांत लागला.

दुसरी हालचाल हातगाड्यांची आणि टेम्पोंची होती. लॅपटॉप बाजारात मिळेनात, म्हणून ऑफिसांतून टेबलावरचे कॉम्प्युटर उचलून कर्मचाऱ्यांच्या घरी पोहोचवले गेले. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे तेव्हा जवळपास साडेचार लाख कर्मचारी होते. त्यांतले ९० टक्क्यांहून जास्त एप्रिलपर्यंत घरून काम करू लागले. कंपनीने या व्यवस्थेला ‘सिक्युअर बॉर्डरलेस वर्कस्पेसेस’ असं नाव दिलं.

तिसरी हालचाल घराघरांत झाली, आणि तिची नोंद सर्वांत कमी झाली. सकाळी लॅपटॉप उघडायचा, व्हीपीएन जोडायचं, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा, मग ऑफिसच्या मशीनचा पडदा समोर येई. ही जोडणी घरून ऑफिसकडेच सुरू होत असे, त्यामागे कारण होतं. अनेक इंटरनेट कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून घरच्या मशीनपर्यंत पोहोचताच येत नाही. ऑफिसच्या टोकाला मात्र एक पहारा असलेलं प्रवेशद्वार असे आणि त्याच्या मागे सगळी मशीन्स. बाहेरच्या जगाला ३३८९ दिसतच नसे. ज्यांनी हे नीट केलं त्यांनी पडद्यावरचा मजकूर घरच्या मशीनवर कॉपी करणं, पेन ड्राइव्ह लावणं, घरच्या प्रिंटरवर छापणं हेही बंद केलं.

दहा बाय दहाच्या खोलीत हे सांभाळणं वेगळ्या प्रतीचं काम होतं. एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मुलाचा ऑनलाइन वर्ग आणि आईचं बँकेचं काम चाले. गॅलरीत केबलवाल्याची तार, पावसाळ्यात ती ओली झाली की ‘सेशन कट झालं’. खातेदाराची माहिती पडद्यावर असताना शेजारी डोकावू नये म्हणून स्क्रीन भिंतीकडे वळवावी लागे. भायखळ्याच्या, आग्रीपाड्याच्या कर्मचाऱ्यांनी माहिती सुरक्षित ठेवण्यासाठी घेतलेले हे कष्ट कोणत्याही ताळेबंदात आले नाहीत, आणि त्यांच्याशिवाय त्या वर्षीचे ताळेबंद पूर्णही झाले नसते.

सगळ्या ऑफिसांनी मात्र सुरक्षेची ही व्यवस्था नीट केली नाही. घाईत जगभर हजारो मशीन्स थेट इंटरनेटला उघडी ठेवली गेली. सुरक्षा कंपन्यांनी मार्च २०२० पासून रिमोट डेस्कटॉपवर पासवर्डचे अंदाज बांधत राहणाऱ्या हल्ल्यांत मोठी वाढ नोंदवली. हल्लेखोर आत शिरले की फाइली कुलूपबंद करून खंडणी मागत. त्यांना नवं काही शोधावं लागलं नव्हतं. टेलनेटच्या काळात पासवर्ड तारेवर टिपावा लागे, आता तो ओळखता येण्याइतका सोपा असे.

१२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी या नव्या रचनेची एक वेगळी परीक्षा झाली. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या उच्चदाब वाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, परीक्षा पुढे ढकलल्या. काही तासांनी वीज आली तेव्हा घरचे लॅपटॉप बॅटरीवर तगलेले होते, पण ऑफिसातली मशीन्स बंद पडली होती. बंद मशीनचा पडदा कुठूनही उघडत नाही. ते सुरू करायला कोणीतरी तिथे जाऊन बटण दाबावं लागतं, आणि सामान्य कर्मचाऱ्याला लोकलचं तिकीट अजून मिळत नव्हतं. वीज परत येताच मशीन आपोआप सुरू व्हावं, अशी सोय टेबलावरच्या बहुतेक कॉम्प्युटरांच्या मूळ सेटिंगमध्ये असते. ती आधीच चालू करून ठेवलेली ऑफिसं दुपारपर्यंत कामाला लागली.

नियमांनी पुढे आणखी एक पाऊल टाकलं. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेने आदेश काढला की सायबर घुसखोरी कळल्यापासून सहा तासांत कळवावी आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्यात. मोठ्या बँकांकडे यासाठी माणसं आहेत. काळबादेवीच्या सीएकडे, भायखळ्याच्या भाजी मंडईतल्या अडत्याकडे, माझगावच्या शिपिंग एजंटकडे ती नसतात. त्यांचा टॅलीचा कॉम्प्युटर आजही घरून किंवा गावाहून उघडला जातो, आणि टाळेबंदीत घाईने उघडलेलं पोर्ट तेव्हापासून तसंच असण्याची शक्यता बरीच आहे.

अशा पेढीने राउटरवरचं ३३८९ बंद करावं, व्हीपीएनमधूनच आत येऊ द्यावं, पासवर्डसोबत ओटीपी लावावा, विंडोजच्या दुरुस्त्या वेळेवर घ्याव्यात आणि नोकरी सोडून गेलेल्यांचे युजर आयडी काढून टाकावेत. जाणत्या माणसाला यासाठी एक दुपार पुरते. घरून काम करायला सांगणाऱ्या मालकाने लॅपटॉप आणि इंटरनेटचा खर्चही स्वतः उचलावा. कारण कर्मचाऱ्याच्या घरच्या, सगळ्या कुटुंबाने वापरलेल्या जुन्या मशीनवर गिऱ्हाइकाची माहिती सुरक्षित राहील अशी हमी त्याच्याकडून मागणं अन्यायाचं आहे, आणि तशी हमी त्याने दिली तरी ती पाळणं त्याच्या हातात नसतं.